वर्कशॉपमधून वैद्यकीय उपकरण: सरकारी संशोधन अनुदानासाठी अर्ज कसा करायचा

उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर कुणाला सांगा, की वैद्यकीय उपकरण बनवायला केंद्र सरकारकडून पन्नास लाखांपर्यंत पैसे मिळतात आणि ते परत करायचे नसतात. पहिला प्रश्न ठरलेला: "मशीनला सबसिडी किती टक्के?" मीही हाच प्रश्न घेऊन पुण्याला अनुदानाच्या चौकशीला गेलो होतो. समोरच्या मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

सबसिडी मशीनवर मिळते. संशोधन अनुदान मिळतं ते एका प्रश्नावर. आपल्याला आज ठाऊक नसलेली एखादी गोष्ट ठरलेल्या मुदतीत कशी तपासणार, त्याला किती खर्च येईल आणि जमलं की नाही हे कशावरून कळणार, एवढ्याचेच हे पैसे. हे डोक्यात बसायला मला एक नापास अर्ज आणि जवळपास दीड वर्ष लागलं. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, जॉबवर्क चालतं. आमच्यासारख्यांनी सुरुवात कुठून करावी, ते लिहितो.

आधी दवाखान्यात जाऊन उभं राहा

माझा पहिला अर्ज सलाईनच्या अलार्मचा होता. वडील ॲडमिट असताना रात्रभर बाटलीकडं टक लावून बसलो होतो, त्यातून सुचलेला. बाटली संपत आली की वजन कमी होणार आणि भोंगा वाजणार. तज्ज्ञांनी दोन मिनिटांत निकाल लावला: असली उपकरणं बाजारात आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात दरवर्षी मांडली जातात, तुमच्यात नवीन काय? माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं एका सिस्टरना सहज विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, वॉर्डात आधीच इतकं काय काय वाजत असतं, त्यात तुमचा भोंगा कोण ऐकणार?" हे मी अर्जाआधी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी विषय माझ्याकडं चालत आला. ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर वर्कशॉपवर आले आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत रुग्णाच्या हातातून काढलेली प्लेट होती आणि तिच्यात एक स्क्रू तसाच अडकलेला. आमच्या जुन्या टर्नरनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "ॲलनचं घर गोल झालंय की हो."

तेच झालं होतं. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या आट्यांत घट्ट बसतात. ३.५ मिमीच्या स्क्रूला अडीच मिमीची ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, लागते; ती डोक्यातल्या ज्या खाचेत बसते ते तिचं घर. बसवताना टॉर्क लिमिटर, म्हणजे ठरलेल्या जोरापुढं आवळू न देणारं साधन, वापरला नाही आणि जास्त आवळला, तर टायटॅनियमचा स्क्रू न् प्लेट काही वर्षांत एकजीव झाल्यासारखे होतात. काढायला गेलं तर चावी घसरते आणि घर गोल होतं. डाव्या आट्याचे एक्स्ट्रॅक्टर मिळतात, पण तेही चुकले तर डॉक्टर कार्बाइड ड्रिलनं डोकं उडवतात. त्यातून धातूचा चुरा जखमेत पडतो, तो धुऊन काढायला वेळ जातो आणि रुग्ण तेवढा वेळ भुलीखाली राहतो.

म्हणजे स्क्रू काढण्याचं साधन जगात आहे. आम्ही विषय आवळत आवळत एकाच ठिकाणी आणला: डोकं उडवताना पडणारा चुरा जागच्या जागी पकडता येईल का? हा प्रश्न लहान आहे आणि तपासता येण्याजोगा आहे. शिवाय तो आमच्या धंद्यातला आहे, कारण चुरा कसा उडतो हे आम्ही रोज बघतो.

तुम्ही जाल तेव्हा फक्त मोठ्या डॉक्टरांना भेटून परतू नका. ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन, अवजारं निर्जंतुक करणारा माणूस, खरेदीची फाईल सांभाळणारा क्लार्क, यांच्याशी बोला. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय, मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आणि एखादा वीस खाटांचा खासगी दवाखाना या तीन ठिकाणी एकच अडचण तीन वेगळ्या रूपांत भेटते. परवानगी घेऊन जा, रुग्णांचे फोटो काढू नका. "असं उपकरण केलं तर घ्याल का?" असं विचारू नका, कारण कोल्हापुरात तोंडावर नाही कोणी म्हणत नाही. "मागच्या वेळी असं झालं तेव्हा काय केलंत? किती वेळ गेला?" असं विचारा आणि तारीख घालून वहीत लिहा. ही वही पुढं अर्जात सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

कुठंही दाखवण्याआधी पेटंट

उपकरणाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, कुणीतरी शेअर केला आणि "कोल्हापूरच्या तरुणाची कमाल" अशी बातमी आली, की घरचे खूश होतात आणि पेटंट जातं. अर्ज दाखल होण्यापूर्वी गोष्ट जाहीर झाली तर ती कायद्याच्या लेखी नवीन राहत नाही. अपवाद आहेत, पण मोजके.

आधी शोध घ्या. भारतीय पेटंट कार्यालयाची वेबसाइट आणि गुगल पेटंट्स दोन्ही फुकट आहेत. दोन-तीन रविवार जातील. आपल्यासारखं काही सापडलं तर खट्टू होऊ नका, ते अर्जात स्वतःहून लिहा आणि आपलं वेगळं कशात ते सांगा. लपवलेलं तज्ज्ञ हमखास काढतात.

मग तात्पुरता अर्ज दाखल करा, म्हणजे प्रोव्हिजनल. आपला भाग मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडं येतो आणि काम ऑनलाइन होतं. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना मूळ फी १,६०० रुपये आहे. त्या तारखेपासून १२ महिन्यांत संपूर्ण अर्ज द्यावा लागतो, नाहीतर पहिला बाद. उपचाराच्या पद्धतीला आपल्याकडं पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळतं. म्हणून "स्क्रू काढण्याची पद्धत" असं न लिहिता अवजाराची रचना लिहा. कल्पनेत डॉक्टरांचा खरा वाटा असेल तर त्यांचं नाव शोधकांत घाला आणि हक्क कुणाचे, याचा कागद तेव्हाच करा. उत्पन्न सुरू झाल्यावर हा विषय काढला तर संबंध बिघडतात.

फर्म चालत नाही, कंपनी लागते

आपल्याकडं बहुतेक धंदे प्रोप्रायटरी नाहीतर भावा-भावांच्या पार्टनरशिपमध्ये असतात. उद्यम नोंदणी आहे, जीएसटी आहे, वीस वर्षांचं नाव आहे, पण या अनुदानांसाठी ते पुरत नाही. व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो किंवा प्रायव्हेट लिमिटेड नाहीतर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) म्हणून. किमान ५१ टक्के हिस्सा भारतीय नागरिकांकडं हवा. अमेरिकेतल्या भाच्यानं पैसे घातले असतील आणि त्याच्याकडं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असेल, तर तो या हिशेबात भारतीय नागरिक धरला जात नाही.

नवी कंपनी काढणं अवघड नाही. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राची नोंदणी फी शून्य आहे; स्टॅम्प ड्युटी, डिजिटल सही आणि सीएची फी तेवढी येते. खरा खर्च पुढं आहे. एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी दरवर्षी ऑडिट करावं लागतं आणि विवरणपत्रं भरावी लागतात. वार्षिक विवरणपत्राला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये दंड. त्यामुळं विषय पक्का होईपर्यंत कंपनी काढायची घाई नको. काढल्यावर स्टार्टअप इंडियाची मान्यता लगेच घ्या, ती फुकट आहे.

कोणती योजना आधी

वैद्यकीय उपकरणांसाठी मुख्य दार बायरॅकचं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१२ साली स्थापन केलेली ही सरकारी कंपनी. तिची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, सगळे "बिग" म्हणतात ती, नवख्यांसाठी आहे: ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. गेली कित्येक वर्षं अर्ज वर्षातून दोनदा सुटतात, १ जानेवारीला आणि १ जुलैला, आणि साधारण दीड महिना खुले असतात. नावात बायोटेक असलं तरी लोखंडी अवजारही चालतं, रुग्णाच्या उपयोगाचं आणि नवीन हवं. बिगचं काम बायरॅक ठिकठिकाणच्या भागीदार संस्थांमार्फत चालवतं. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यात पाषाणला एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर. आयआयटी मुंबईचं साईनही आहे. दोन्हीकडं अर्जाआधी फोन करून शंका विचारता येतात, आणि विचाराव्यातच.

नमुनाच तयार नसेल तर त्याआधीची पायरी निधी-प्रयास. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना, १० लाखांपर्यंत, पहिला चालता नमुना करायला. नुसतं ॲप किंवा सॉफ्टवेअर यात बसत नाही, हातात धरता येईल अशी वस्तू लागते. तिसरी स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना, २०२१ ची. तीत इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, यंत्रं आणि सल्ला देणाऱ्या केंद्रामार्फत, २० लाखांपर्यंत अनुदान आहे. अर्ज सध्या घेतायत का, ते आधी इनक्युबेटरला विचारा.

क्रम इथं महत्त्वाचा आहे, आणि बरेच जण इथंच फसतात. सीड फंडाची अट अशी, की कंपनी दोन वर्षांहून जुनी नको आणि इतर सरकारी योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली नको. म्हणजे आधी बिग घेतलं की सीड फंडाचं दार बंद. प्रयासचे दहा लाख घेतले तर ते उघडं राहतं. कंपनी लवकर काढून गप्प बसलात तर दोन वर्षं तशीच उलटतात. कॅलेंडर समोर घेऊन बसा.

जैवतंत्रज्ञान विभागानं २००५ साली सुरू केलेली एसबीआयआरआय ही पुढच्या टप्प्याची योजना, छोट्या कंपन्यांसाठीच काढलेली. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.

स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर इनक्युबेटरशी करार लागतो. शिवाजी विद्यापीठात आणि इथल्या काही इंजिनिअरिंग कॉलेजांत अशी केंद्रं आहेत. नुसता पत्ता मिळवायला जाऊ नका. त्यांच्याकडचं टेस्टिंग मशीन आठवड्यातून किती तास मिळणार, ते लेखी घ्या.

अर्ज लिहिताना

पहिल्या अर्जात मी असं लिहिलं होतं: "अत्याधुनिक अलार्म प्रणाली विकसित करणे. पहिले सहा महिने: डिझाइन. पुढचे सहा: उत्पादन. शेवटचे सहा: चाचणी." आज वाचताना लाज वाटते. यात काय जमलं म्हणजे पुढचा हप्ता द्यायचा, हे देणाऱ्याला कसं कळावं?

दुसऱ्या अर्जातला एक टप्पा असा होता: "३.५ मिमीचे ३० लॉकिंग स्क्रू, घर मुद्दाम गोल केलेलं, प्लेटमध्ये जास्त टॉर्कनं आवळलेले. आमच्या अवजारानं त्यांतले किमान २७ निघाले पाहिजेत. प्रत्येक वेळी उडालेल्या धातूपैकी किती पकडला गेला, ते वजन करून नोंदवू. नव्वद टक्क्यांच्या खाली गेलं तर चुरा पकडणाऱ्या नळीची रचना बदलू. दोन वेळा बदलूनही जमलं नाही तर हा मार्ग सोडू." शेवटचं वाक्य घालताना भागीदार म्हणाला, आपणच हरायची गोष्ट कशाला लिहायची? पण मुलाखतीत तज्ज्ञांनी नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं, आणि पुढचा प्रश्न मवाळ आला.

आकडा तुमचा तुम्ही ठरवायचा, फक्त तो मोजता आला पाहिजे आणि त्यामागं कारण पाहिजे. "उत्तम", "प्रभावी", "जागतिक दर्जाचं" हे शब्द शोधून काढून टाका. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. एजंटकडून लिहून घेतलेला गुळगुळीत अर्ज मुलाखतीत उघडा पडतो, कारण त्यातल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ आपल्यालाच ठाऊक नसतो.

बजेटमध्ये जागा, बांधकाम, शेड घालू नका. मशीन घालायचंच असेल तर ते बाहेर तासावर का मिळत नाही, याचं उत्तर तयार ठेवा. कोल्हापुरात व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) तासावर मिळत नाही असं कुणी म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? पैसे लागतात ते माणसाच्या पगाराला, मटेरियलला, बाहेरच्या चाचण्यांना, पेटंटला. चाचण्यांचे दर प्रयोगशाळेकडून लेखी मागवा. आम्ही अंदाजानं लिहिले आणि शरीराशी संबंध येणाऱ्या धातूच्या सुरक्षिततेच्या चाचणीत, आयएसओ १०९९३ मध्ये, सपशेल चुकलो. कोटेशन अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट आलं.

पोर्टल शेवटच्या दोन दिवसांत हमखास अडतं. मुदतीच्या आठवडाभर आधी पाठवा.

मुलाखत

वेळ कमी मिळतो. कंपनीचा इतिहास, आजोबांनी लेथ कसा घेतला, हे सांगत बसू नका. पहिल्याच स्लाइडवर आम्ही तो पिशवीतला स्क्रू दाखवला, मोठा करून. प्रश्न साधारण हे आले: आज डॉक्टर काय करतात? ते पुरेसं का नाही? दुसऱ्याच्या पेटंटवर पाय पडतोय का? विकत कोण घेणार, डॉक्टर की रुग्णालय? तुमच्या टीममध्ये हाडांच्या ऑपरेशनचं कुणाला कळतं? शेवटच्या प्रश्नाला "आमचे सल्लागार डॉक्टर आहेत" एवढं पुरत नाही. ते डॉक्टर मुलाखतीला हजर हवेत. आमचे डॉक्टर ओपीडी थांबवून बसले होते, म्हणून निभावलं.

नापास झालात तर तज्ज्ञांचे शेरे मिळवा, रागाचे दोन दिवस जाऊ द्या आणि मग वाचा. पुन्हा अर्ज करता येतो.

परवाने: नमुना रुग्णापर्यंत नेण्याआधी

वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू. धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. हातानं वापरायचं, पुन्हा पुन्हा निर्जंतुक करता येणारं साधं अवजार बहुधा ए मध्ये जातं. शरीरात राहणारी प्लेट किंवा स्क्रू सी मध्ये. ए आणि बी चा उत्पादन परवाना राज्य देतं, सी आणि डी चा केंद्र; ए मधलं उपकरण निर्जंतुक करून विकायचं नसेल आणि मोजमापाचं नसेल, तर परवान्याऐवजी ऑनलाइन नोंदणी पुरते. आपलं उपकरण कुठं बसतं ते केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीएससीओच्या, याद्यांत बघा. वर्ग एकदा कळला की खर्च आणि मुदत दोन्हींचा अंदाज येतो. म्हणून हे काम अर्ज लिहिण्याआधीच उरका.

चाचणीसाठी थोडे नग बनवायचे असले तरी परवाना लागतो: एमडी-१२ हा अर्ज, एमडी-१३ हा परवाना. माणसावर वापरायचं तर नैतिकता समितीची मंजुरी हवी; मेडिकल कॉलेजांत अशा समित्या असतात. त्यांची बैठक रोज होत नाही. एका रुग्णालयात आमची फाईल चार महिने पडून होती, का ते अजून कळलेलं नाही. वेळापत्रकात या कामाला सहा महिने धरा. या सगळ्यात अडलात तर आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सीडीएससीओसोबत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केलेलं मेडटेक मित्र हे व्यासपीठ आहे, तिथं नोंदणी करून मार्गदर्शन मागता येतं.

माणसापर्यंत जाण्याआधी हाडावर काम करा. आम्ही मटणाच्या दुकानातून नळ्या आणायचो, मांस न शिजवता खरवडून काढायचो आणि त्यांवर प्लेट बसवायचो. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, निकाल खोटा येतो. दुकानदार आधी समजायचा, रोज पांढरा रस्सा चाललाय म्हणून. खरं कळल्यावर तो मापाच्या सरळ नळ्या बाजूला काढून ठेवायला लागला.

पैसे आल्यावर

करार होण्याआधी केलेला खर्च अनुदानात धरला जात नाही. मंजुरीचा मेल आला म्हणून लगेच मटेरियल उचलू नका. अनुदानासाठी वेगळं बँक खातं काढा, त्यात धंद्याचा एक रुपयाही फिरवू नका. त्या खात्यावरचं व्याज आपलं नसतं, सरकारला परत जातं. पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. पुढच्या टप्प्याआधी सीएच्या सहीचं खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते तयार व्हायला तुमच्या अंदाजापेक्षा दोन आठवडे जास्त लागतात. तेवढे दिवस पगार कुठून देणार, ते आधी ठरवा.

प्रत्येक मोठ्या खरेदीला तीन कोटेशन ठेवा. चुलत्याच्या दुकानातून माल घ्यायचा असेल तर न घेतलेला बरा. बिल कंपनीच्या नावावर आहे का, हे काउंटरवरच बघा. आमचा नेहमीचा स्टीलवाला वीस वर्षं जुन्या फर्मच्या नावानं बिल फाडतो, हात सवयीनं चालतो. तसं एक ४८ हजारांचं बिल आमच्याकडं आलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि सीएनं वर्षअखेरीस ते बाहेर काढलं. माल कामाला लागलेला, स्क्रू निघालेले, चुरा पकडलेला. पण नाव फर्मचं. ते ४८ हजार आम्ही घरातून भरले. आता कंपनीच्या नावाचा आणि जीएसटी क्रमांकाचा रबरी शिक्का स्टीलवाल्याच्याच गल्ल्यात ठेवून दिलाय.